अंगठ्याचा दाब

सातेरीच्या मूर्तीवर चिकटवलेल्या दोन कळ्यांपैकी उजवी कळी सुटून खाली पडली, तेव्हा सभामंडपात बसलेल्या माणसांनी एकदमच श्वास सोडला. धाकू गावकराने दोन्ही हात कपाळाला लावले, "माये, राखलंस गो!" असं म्हणाला आणि जो ओणवा झाला तो बराच वेळ उठलाच नाही. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी रडायला लागलं. ते आनंदाचं रडणं होतं की धास्तीचं, कुणी विचारलं नाही.

गाभाऱ्यात उभ्या असलेल्या सगुण गुरवाने खाली पडलेल्या कळीकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे. अंगठा कोरडा होता.

गाऱ्हाणं त्यानेच घातलं होतं. वायंगणवाड्याच्या लेकरांनी वाड्यातच राहायचं असेल तर उजवी दे, वाडा सोडून वर गावात यायचं असेल तर डावी दे. मग तीर्थाच्या पंचपात्रात अंगठा बुडवून त्याने पिटकोळीच्या फुलाची एक कळी देवीच्या डाव्या अंगाला चिकटवली आणि दुसरी उजव्या अंगाला. बापाच्या मागून हे काम तो आयुष्यभर करत आला होता. एका कळीसाठी एकदा अंगठा भिजवायचा, दुसरीसाठी पुन्हा भिजवायचा, दोन्हींना दाब सारखा द्यायचा. हात आपोआप चालायचा. आज उजव्या कळीच्या वेळी आपण अंगठा पुन्हा बुडवला होता का, हे त्याला काही केल्या आठवेना.

गोवा मुक्त होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. मुळगावच्या पलीकडे ज्या डोंगराच्या कुशीत हे गाव होतं, त्या डोंगरावर खाण आधीपासून होती. पण पूर्वी माणसं टोपल्यांनी माती काढायची, आता अजस्र यंत्रं काढत होती. कामाचा दगड ट्रकांतून नदीकडे जाई आणि नको असलेली माती डोंगराच्या या अंगाला ओतली जाई. ओतून ओतून डोंगराच्या खांद्यावर दुसरा लाल डोंगर उभा राहिला होता. त्याला सगळे डंप म्हणत. त्या डंपाच्या बरोबर पायथ्याशी वायंगणवाडा होता. मोजकी घरं, त्यांच्यापुढे शेतं आणि शेतांच्या कडेने वाहणारा व्हाळ. पावसाळी भात काढलं की त्याच शेतांत वायंगणाचं दुसरं पीक उभं राहायचं, म्हणून वाड्याला ते नाव.

त्या वर्षी आषाढ संपता संपता डंपाच्या माथ्यावर भेग दिसली. खाणीवरचा एक साहेब जीपने येऊन सांगून गेला की पाऊस ओसरेपर्यंत वाड्याने वरच्या गावातल्या शाळेत जाऊन राहावं. एवढंच सांगितलं असतं तर कदाचित माणसं गेलीही असती. पण त्याच खाणीला गेली कित्येक वर्षं ही शेतं हवी होती. वाडा एकदा उठला की खाली कोण परत येऊ देतो, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. जीव गेल्यावर शेतं कोण कसणार, असं तरुणांचं. वाड्यात घरोघर भांडणं लागली. शेवटी कुणीतरी म्हणालं, देवीला विचारूया, आणि सगळ्यांना एकदम हलकं वाटलं.

कौलाच्या आदल्या संध्याकाळी धाकू सगुणच्या ओसरीवर येऊन बसला होता. दोघे लहानपणापासूनचे सोबती. धाकू वाड्याचा मुख्य. त्याचा शब्द तिथे कुणी मोडत नसे.

"मी तुज्याकडे कायच मागणय नाय," धाकू म्हणाला. "देवी सांगात ता सांगात. पण वाडो उठलो, मगे तो परत बसाचो नाय. इतक्याच."

धाकू गेल्यावर सगुणच्या मनात आलं होतं, खरं आहे. वाडा उठला तर देवीची पालखी खाली कुणाकडे उतरणार? आणि आपल्या हातून वाडा उठला असं पोराबाळांपर्यंत बोललं जाईल. एवढंच मनात आलं होतं. मनात येण्याला काय, माणसाच्या मनात काहीही येतं. असं त्याने स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

पण कौलानंतर त्याचं जेवण तुटलं.

पाऊस थांबायचं नाव घेईना. देवळाच्या आवारातून डंप दिसायचा, ढग खाली उतरले की दिसायचा नाही, आणि दिसेनासा झाला की सगुणचा जीव आणखीच वरखाली व्हायचा. पूजा करताना तो मध्येच थांबून कान द्यायचा. रस्त्यावरून भरलेला ट्रक घरघरत गेला तरी हातातली घंटा तशीच राहायची. सकाळी पदेर पाव घेऊन यायचा, त्याची वाट खालच्या अंगाने होती, सगुण त्याला रोज विचारी, "खाल काय म्हणता?" पदेर म्हणायचा, "खाल काय म्हणतला? पाऊस म्हणता." आणि हसून सायकल पुढे काढायचा.

एके दिवशी दुपारी त्याची बायको प्रभावती मागच्या पडवीत आली, तर नवरा रगड्यापुढे उकिडवा बसलेला. रगड्याच्या काळ्या दगडावर त्याने पिटकोळीच्या कळ्या चिकटवल्या होत्या. शेजारी पाण्याची वाटी.

"ह्या काय चलवल्यात?"

सगुण दचकला. मग दगडाकडे बघतच म्हणाला, "जिका पाणी कमी लावलंय ती पयली पडता की काय, बघतंय."

प्रभावतीने हातातली बाल्दी खाली ठेवली. ती बुद्धीने तल्लख होती. फार विचारावं लागलं नाही. "मगे? पडता?"

"पडता. केन्ना पडणा नाय पण. ही बघ, हिका पाणी कमी लावलेला, ही आजून आसा. ती भिजवलेली, ती पडली."

"म्हणजे कायच कळणा नाय."

"ना."

तिने पाण्याची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुमी मुद्दाम केलात?"

"ना गो! देवीची आण."

"मगे सोडा. मुद्दाम करूक नाय तर तुमचो दोष खंयचो?"

तिने हे त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण तो प्रश्न सगुणला रात्रंदिवस चावायला लागला. मुद्दाम केलं नाही हे खरं. पण अंगठा तर माझाच. मनात जे होतं ते अंगठ्यापर्यंत उतरलं नसेल कशावरून? आणि उतरलं असेल तर ते मी केलं, की झालं? देवीने माझ्या अंगठ्याकडून करवलं म्हणावं, तर मग माझ्या मनात ते घातलं तेही देवीनेच. असं म्हटलं की सगळं सुटतं. पण असं म्हणून बघितलं की ते टिकायचं नाही. कारण उद्या डंप खाली आला तर देवी काही मढी मोजायला यायची नव्हती.

मग देवकी आली.

देवकी धाकूची सून. पेडण्याकडच्या हळर्णची, लग्न होऊन वाड्यात आलेली. नवरा खाणीच्या ट्रकावर, आठवड्यातून एकदा घरी. दोन लहान मुलं पदरात. वाडा सोडावा असं ज्यांचं म्हणणं होतं त्यांत तीच सगळ्यांत पुढे होती, पण कौल झाल्यापासून सासऱ्यापुढे तिचं तोंड बंद झालं होतं. ती भर पावसात चालत आली आणि ओसरीच्या पायरीवर उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत लाल चिखलाने माखलेलं.

"सगुणकाका, व्हाळाचा पाणी उणा झाला."

"पाऊस इतको पडता आनी पाणी उणा?"

"म्हणानच सांगूक इलंय. काल व्हाळ भरान व्हावत होतो, लाल. आज सकाळी घोट्याइतक्या पाणी. मामंजी म्हणतत, बरा झाला. माका ता बरा दिसणा नाय. वर खंयतरी पाणी आडलां. मातीच्या पोटात भरता ता."

सगुण खांबाला धरून बसला.

"परत कौल लावा, काका."

"एका गोष्टीचो कौल दोनदा लावूचो नसता."

"मगे तुमी सांगा. देवी नको. तुमी."

"मी कोण गो सांगणारो? मी गुरव. देवी सांगता ता मी..."

"तुमी कोण नाय," देवकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मामंजी म्हणतत, मी कोण, देवीन सांगितल्यान. माजो घोव म्हणता, मी कोण, बापूस सांगता. खाणीचो सायब म्हणता, मी कोण, मी फकत सांगून जातंय. तुमी म्हणतात, मी कोण. मगे माज्या पोरांक त्या मातयेखाल ठेवल्यान कोणी? कोणीतरी ठेवल्यान मां?"

देवकी पदर डोक्यावर घेऊन आल्या वाटेने निघून गेली.

प्रभावती दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. सगुणने कोपऱ्यातली छत्री घेतली तेव्हा ती म्हणाली, "थंय जावन सांगशात तर देवळातसून उठवतीत तुमका. आमी खंय जावचा?"

"माका म्हायत नाय," सगुण म्हणाला, आणि तेच खरं होतं.

वाड्याची वाट उताराची. एरवी गप्पा मारत उतरायची ती वाट त्याला त्या दिवशी सरता सरेना. दोनदा वाटलं, परत फिरावं. फिरलो तर कोण विचारणार आहे? डंप आला नाही तर काहीच झालं नाही. आला तर देवीची मर्जी. कुणी म्हणजे कुणी त्याच्याकडे बोट दाखवणार नव्हतं. ही इतकी सोपी गोष्ट होती की तिचीच त्याला भीती वाटली आणि तो भराभर उतरायला लागला.

धाकूच्या घरापुढच्या खळ्यात चारसहा माणसं पत्र्याच्या मांडवाखाली बसली होती. आत खिडकीशी धाकूची आते सरस्वती बसलेली. म्हातारीला दिसायचं कमी, पण ऐकू सगळं यायचं. देवकी दाराआड होती.

"धाकू," सगुण उभ्यानेच म्हणाला, "कौलाचा माका सांगूचा आसा."

"बस तरी."

"बसणय नाय. उजवी कळी लावताना अंगठो मी परत भिजवलंय की नाय, माका आठवणा नाय. कळी पडली तेन्ना अंगठो सुको होतो."

धाकूने विडी तोंडातून काढली. "म्हणजे? देवीन दिल्यान नाय?"

"ता माका म्हायत नाय. देवीन दिल्यान आसत. माज्या अंगठ्यान दिल्यान आसत. पण तुमी हंयच ऱ्हवाचा ह्या माज्या मनात आदीच होता, तितक्या माका म्हायत आसा. तो कौल धरून बसा नकात. व्हाळ आटलो आसा. निघा हंयसून."

एक जण उठून उभा राहिला. "तुका खाणवाल्यांनी धाडल्यानी?"

"ना."

"मगे आता खरा सांगतंस की तेन्ना खरा सांगितलंस?"

"तेन्ना मी कायच सांगूक नाय. तेन्ना मी देवीआड लिपलंय. आता मी सांगतंय."

धाकू हळूहळू उठला. त्याचा चेहरा सगुणने कधी न पाहिल्यासारखा झाला होता. तो रागावला असता तर सगुणला बरं वाटलं असतं.

"सगुणा," तो म्हणाला, "माजो भाव सखाराम तापान फणफणत होतो. म्हापशाक हॉस्पिटलात न्हेवया काय, म्हणान मी तुज्याकडे इल्लंय. डावी पडली. न्हेव नको. मी न्हेलंय नाय. तो मेलो." त्याने हातातली विडी विझवली. "तो कौल खंयच्या अंगठ्याचो?"

वाटेने येताना सगुणने पुष्कळ प्रश्नांची उत्तरं तयार केली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. त्याला सखाराम आठवला, त्याची बायको आठवली, त्या दिवशी गाभाऱ्यात धाकूचं उतरलेलं तोंड आठवलं. अंगठा आठवला नाही.

"माका म्हायत नाय, धाकू."

"म्हायत नाय!" धाकू म्हणाला. "इतकी वर्सां मी सखारामाक विसारलंय, कित्याक? देवीन सांगितल्यान म्हणान. आता तू म्हणतंस, म्हायत नाय. म्हणजे ता मी केलंय?"

मग दाराआडून देवकी बाहेर आली, सासऱ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, मी पोरांक घेवन वर जातंय." परवानगी मागितल्यासारखं नव्हतं ते. धाकूने तिच्याकडे पाहिलं, मान दुसरीकडे वळवली, आणि ती आत जाऊन बोचकी बांधायला लागली.

तिच्यामागून एकेक घर हललं. काही जणांनी सगुणला शिव्या दिल्या आणि शिव्या देत देतच भांडी बांधली. काही जण त्याच्याकडे न बघता विचारत होते, "शाळेची चावी कोणाकडे?" एकाने गाय सोडता सोडता विचारलं, "आनी डंप पडलो नाय तर?"

"तर माका धरा," सगुण म्हणाला. असं म्हणताना त्याला आपला आवाज परका वाटला. असलं वाक्य त्याच्या तोंडून याआधी कधी निघालं नव्हतं.

सरस्वती म्हातारी जायला तयार नव्हती. पोपडे धरलेल्या भिंतीला हात लावून ती म्हणत होती, माका हंयच ऱ्हवांदे, माका पाऊस सोसाचो नाय. सगुणने तिचे हात धरले, "आते, माज्यासाठी चला," म्हणाला. ती त्याचा आवाज ओळखून गप्प झाली. तिला खुर्चीवर बसवून दोघांनी उचललं, वर गोणपाट आणि प्लास्टिक घातलं, तरी चढ चढेपर्यंत ती नखशिखांत भिजली.

धाकू मागे राहिला. त्याच्याबरोबर आणखी दोघे, जनावरं घेऊन.

"चल," सगुण म्हणाला. "पायां पडतंय तुज्या."

"तू सांगितलंस, मी आयकलंय," धाकू म्हणाला. "तू चुकीचा सांगितलंस म्हणणय नाय. पण कोणीतरी सांगल्यान म्हणान मी जन्मभर करीत इलंय. आता ह्या एक माजा मी करतंय. मी ऱ्हवतंय. माजा काय झाला तर तुज्या डोक्यार घेव नको."

सगुण तिथे आणखी घुटमळला. मग एकटाच वर गेला. ज्याला आपण म्हणालो, कौल धरून बसू नको, त्याने आपलं आपण ठरवल्यावर त्याला ओढून कसं न्यायचं? आणि ओढून न नेता सोडून आलो, तर तेही आपणच केलं ना? शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून तो हेच घोकत होता.

डंप दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसं पेज खायला बसली असताना आला. मोठा धडाका वगैरे झाला नाही. ट्रकातून खडी ओतावी तसा लांबलेला आवाज आला, थांबला, पुन्हा आला. सगळे धावत कड्याशी गेले. लाल चिखलाची एक जाड जीभ डोंगरावरून सुटून व्हाळाच्या अंगाने हळूहळू, अगदी बघता येईल इतकी हळूहळू, शेतांत शिरत होती. बांध एकामागून एक नाहीसे झाले. हिरवी लावणी दिसेनाशी झाली. देवकीने मुलांची तोंडं आपल्या कुशीत दाबून धरली. सगुणने डोळे मिटले नाहीत. आता घरांवर येईल, आता येईल, असं वाटत असताना चिखल धाकूच्या खळ्याच्या कडेला येऊन थबकला. तुळशीवृंदावनापाशी. तिथून पुढे सरकला नाही.

घरं सगळी उभी होती. धाकू आणि त्याच्याबरोबरचे दोघे फावडी घेऊन खळ्यात उभे असलेले वरून दिसत होते.

शाळेत आधी आनंद झाला. मग दुपारपर्यंत आवाज बदलले. घरं तर पडली नाहीत. एक जण म्हणाला, आपण सगळे खाली असतो तर व्हाळाच्या तोंडाशी बांध फोडून चिखल नदीकडे वळवला असता, शेतं वाचली असती. दुसरा म्हणाला, बांध फोडायला गेलो असतो तर त्याच चिखलात गाडलो गेलो असतो. दोघेही खात्रीने बोलत होते, आणि सगुणला दोन्ही खरं वाटत होतं. खाली राहिलेल्या तिघांनी म्हणे बांधाचा एक कोपरा फोडला होता. म्हणून चिखल खळ्याशी थांबला, की तो थांबणारच होता, हेही कुणाला सांगता येईना.

सरस्वती म्हातारीला त्या रात्री ताप भरला. सगुण या वेळी कुणाला विचारायला थांबला नाही, खाणीचा ट्रक थांबवून तिला म्हापशाला घेऊन गेला. तिच्या छातीत पाणी झालं होतं. आठवड्याच्या आत ती गेली.

तिला घरी आणलं तेव्हा चिखल तुडवतच आणावं लागलं. तिरडीपाशी सगुण मागे उभा राहिला. पुढे व्हायची त्याची हिंमत नव्हती. धाकूने त्याला पाहिलं.

"ती हंय ऱ्हवली आसती तर जगली आसती," धाकू म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"होय," सगुण म्हणाला. "तिका मी न्हेलंय. ती येणा नाय म्हणत होती. मी तिका न्हेलंय."

त्याने 'देवीची मर्जी' म्हटलं नाही, 'माका काय म्हायत' म्हटलं नाही. बायकांमधून कुणीतरी हुंदका दिला. देवकी काहीतरी बोलायला पुढे आली, बहुधा माझी पोरं तरी सुखरूप आहेत असं, पण सगुणने हातानेच तिला थांबवलं. एकीकडची पोरं दुसरीकडच्या म्हातारीच्या पारड्यात घालायची नव्हती त्याला. धाकू तिरडीची पुढची एक बाजू मोकळी ठेवून बाजूला सरकला. सगुणने खांदा दिला.

देवळातून त्याला उठवलं नाही, पण कौल लावायचं काम काढून घेतलं. मानकऱ्यांची बैठक झाली आणि त्याच्या पुतण्याने लावावा असं ठरलं. पुतण्या काटेकोर होता. अंगठा कसा बुडवायचा ते सगळ्यांना दाखवून बुडवायचा. सगुण पूजा करी, दिवा लावी, आणि कौलाच्या वेळी बाहेर पायरीवर जाऊन बसे. प्रभावती म्हणाली, निदान अन्न तरी गोड लागूदे. पण ते काही लगेच लागलं नाही. रात्री जाग आली की त्याला सखाराम दिसायचा. त्या कळीचं काय खरं, ते आता मरेपर्यंत कळणार नव्हतं. आणि असे किती सखाराम.

दिवाळीच्या आधी खाणवाल्यांचं म्हणणं बाहेर आलं. वाड्याची माणसं आपल्या आपण उठून गेली, शेतांची राखण केली नाही, म्हणून शेतं बुडाली. आमचा संबंध नाही. डिचोलीला मामलेदारासमोर शेतांच्या नुकसानभरपाईची सुनावणी लागली. सगुण त्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून एकटाच बसची वाट बघत उभा होता. पाऊस संपला होता तरी आभाळ भरलेलं होतं. त्याला काय बोलायचं ते ठाऊक होतं: की खाणीच्याच साहेबाने निघायला सांगितलं होतं, आणि माणसं आपल्या आपण गेली नाहीत, त्यांना मी उठवलं. हे बोललं की वाड्याची बाजू भक्कम होईल की मोडून पडेल, ते त्याला कळत नव्हतं. वाड्याच्या बाजूचा वकील म्हणाला होता, तुम्ही न आलात तरी चालेल.

बस आली. आत चढला तर खिडकीशी धाकू बसलेला. तो वाड्याच्या बाजूच्या थांब्यावर आधीच चढला होता. शेजारच्या जागेवर फक्त त्याची पिशवी होती. सगुण बसावं की पुढे जावं अशा विचारात दांड्याला धरून उभा राहिला. बस हलली.

"थंय तुका उलटसुलट विचारतले," धाकू खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"विचारूंदे."

"आतेचा विचारतले."

"सांगतलंय."

"सखारामाचा?"

"ता कोण विचारतलो?"

"मी," धाकू म्हणाला. "थंय नाय. मगे. येताना." आणि त्याने शेजारची पिशवी उचलून पायाशी ठेवली. सगुण त्याच्या शेजारी बसला. वाटेत लाल मातीचे ट्रक एकामागून एक समोरून येत होते आणि प्रत्येक ट्रकाला वाट द्यायला बस कडेला थांबत होती. डिचोली यायला बराच वेळ होता.